चौकटीखालचा सिंह

दोन रुपयांच्या एका नाण्यापायी शेजाऱ्याच्या नव्या घराची चौकट उखडायला लावणारा माणूस कसा असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर सांगतो. तो अगदी साधा असतो. माजलगावात राहतो, वीजबिल वेळेवर भरतो आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक असतो. गल्लीत मला सर म्हणतात. कॉलेजात म्हणत नाहीत, पण ते गल्लीत कुणाला ठाऊक नाही आणि तुम्हीही सांगायची गरज नाही.

नाण्यांचं वेड घरात आणलं ते आमच्या सत्यशीलेनं. ती यंदा अकरावीला आहे. मोबाइलवर तिनं कुठंतरी पाहिलं की टाकसाळीत कधीकधी चूक होते. छाप सरकतो, आकडा दोनदा उमटतो, काठ अर्धवट राहतो, आणि अशी नाणी गुपचूप बाजारात निसटतात. "आणि आपण ती न बघताच देऊन टाकतो, बाबा!" हे तिचं वाक्य. त्या वाक्यानं आमच्या घराची झोप उडवली. आजवर आपण किती दुर्मिळ नाणी पानाच्या टपरीवर उडवली असतील, या विचारानं मी जेवताजेवता उठून खुंटीवरच्या पँटचे खिसे उलटे करायला लागलो.

आमची ही, रोहिणी, आधी हसली. आठ दिवसांत तीच आमच्यात सगळ्यात कडवी निघाली. भाजी कुठली ताजी आहे यापेक्षा कुठल्या गाड्यावर चिल्लर जास्त आहे, हे बघून ती भाजी घ्यायला लागली. आम्ही तिन्ही वेळा दोडकाच खाल्ला, कारण दोडकेवालीकडं डबाभर नाणी असत. मी प्रयोगशाळेतलं भिंग घरी आणलं. प्राचार्यांना विचारलं नव्हतं, पण विचारायचं मनात होतं. एस. टी.त कंडक्टरनं सुटे दिले की मी खिडकीकडं वळून एकेक नाणं भिंगाखाली धरायचो, आणि मागचे प्रवासी मान लांब करून विचारायचे, "खोटं हाय का हो?"

यातूनच पहिला घोटाळा झाला. आमच्या कोपऱ्यावरच्या सटवा पानवाल्यानं मला पाच रुपयांचं नाणं दिलं, मी ते बघितलं आणि काहीच चूक नाही म्हणून निराश होऊन परत केलं. झालं. सरांनी भिंगातून बघून नाणं नाकारलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत मोंढ्यात पोचली. दहाची नाणी आमच्याकडं आधीच कुणी घेत नाही. आता पाचचीही घेईनात. माझ्या एका उसाशानं बाजारपेठ हलली, याचा मला थोडा अभिमानच वाटला, पण तो कुणाला दाखवायची सोय नव्हती.

आणि एक दिवस नाणं सापडलं. सत्यशीला गिरणीतून दळण घेऊन आली ती डबा उंबऱ्यातच टाकून ओरडली. दोन रुपयांचं नाणं. त्याच्यावरचा छाप पूर्ण एका अंगाला सरकलेला होता. एका बाजूला चंद्रकोरीएवढी कोरी जागा आणि दुसऱ्या बाजूला तीन सिंहांपैकी एक सिंह काठाबाहेर निघून गेलेला. पीठ अंगावर सांडलेल्या अवस्थेत आम्ही तिघं त्या अडीच... दोन सिंहांकडं बघत बसलो.

तिनं फोटो काढून बीडच्या नाणेसंग्राहकांना पाठवला. उत्तर आलं की दोन आठवड्यांनी रविवारी बीडला प्रदर्शन आहे, नाणं घेऊन या, काचेच्या पेटीत ठेवू आणि खाली चिठ्ठी लावू. चिठ्ठीवर लिहायचं होतं, 'शोधक: सत्यशीला.' तिनं ती चिठ्ठी त्याच संध्याकाळी लिहिली. अक्षर आवडलं नाही म्हणून पुन्हा लिहिली. मग मला म्हणाली, "बाबा, नाणं कपाटात ठेवा. खिशात ठेवू नका."

वडिलांना असं सांगावं लागतं का? मी म्हटलं, उद्या कॉलेजातल्या तराजूवर वजन करून आणतो, प्रदर्शनात वजन विचारतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाणं सदऱ्याच्या खिशात टाकून निघालो. खिशात चहासाठी आणखी एक दोनचं नाणं होतं. तेवढंच.

फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच समोरून सुंदररावांची हाक आली. सुंदरराव आमच्या समोर नवीन घर बांधत होते. ऊस कारखान्याला घालून दोन पैसे गाठीला बांधलेला माणूस, मोठ्या मनाचा, पण मुहूर्ताचा पक्का. त्या दिवशी त्यांच्या दर्शनी दाराची चौकट उभी राहायची होती.

"सर, या या! तुमचीच वाट बघत व्हतो. शेजाऱ्याच्या हातचं नाणं लागतंय."

आमच्याकडं चौकट बसवताना तिच्या पायाखालच्या खड्ड्यात हळकुंड, सुपारी आणि नाणं ठेवतात. सुंदररावांच्या वत्सलाबाईंचं म्हणणं, शेजारच्या माणसानं ते नाणं टाकलं की दोन घरांत कधी भांडण येत नाही. वत्सलाबाई पूजेच्या बाबतीत फार कडक. मी उभा असताना त्यांनी किडकी म्हणून दोन सुपाऱ्या फेकल्या, टोक मोडलं म्हणून एक हळकुंड परत केलं, आणि नारळाला बारीक चीर दिसली म्हणून माणसाला पुन्हा दुकानात पिटाळलं. "घराखाली खोडाची वस्तू जाऊ द्यायची न्हाई," असं त्या जमलेल्या सगळ्यांना बजावून सांगत होत्या.

गुरुजी घाई करत होते. गहिनीनाथ मिस्त्री कालवलेला माल घेऊन उभा होता. माझ्या बोटांना हळदकुंकू लावलं, हातात अक्षता दिल्या, डोक्यावर टोपी ठेवली. अशा वेळी माणूस आपोआप गंभीर होतो. मी डोळे मिटून खिशात हात घातला आणि भक्तिभावानं नाणं खड्ड्यात सोडलं. वरून मिस्त्रीनं थापीभर सिमेंट ओतलं. वत्सलाबाईंनी मला पेढा दिला.

कॉलेजात तराजूसमोर बसलो, खिशातून नाणं काढलं. तीन सिंह होते. तिन्ही आपापल्या जागी.

पहिला विचार आला, पळत जाऊन सांगावं. दुसरा विचार लगेच आला, काय सांगणार? वत्सलाबाई, तुम्ही किडकी सुपारी फेकलीत, चिरलेला नारळ परत केलात, आणि मी मात्र तुमच्या घराच्या पायात सिंह निसटलेलं नाणं ठेवलं? त्यांना दुर्मिळ, संग्राह्य वगैरे कसं समजवायचं? त्यांच्या लेखी ते खोडाचं नाणंच. दोन घरांत भांडण येऊ नये म्हणून टाकलेल्या नाण्यानं पिढ्यान् पिढ्यांचं भांडण लागलं असतं.

आणि घरी सत्यशीला. संध्याकाळी तिनं विचारलं, "बाबा, वजन झालं?" मी म्हणालो, चाललंय. दुसऱ्या दिवशी म्हणालो, तराजू दुरुस्तीला गेलाय. चौथ्या दिवशी तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. दोन रुपयांच्या नाण्याचं वजन करायला इतके दिवस लागत नाहीत, हे विज्ञान शाखेच्या मुलीला कळतं. मला जेवण जाईना. सारखा खिडकीशी जाऊन मी समोरच्या चौकटीकडं बघत बसायचो.

मग मी एक बेत केला. चौकट काढून पुन्हा बसवायला लागली, की नाणं आपोआप वर येईल. ती माणसं सिमेंट कालवण्यात गुंतलेली असताना आपण हळूच अदलाबदल करायची. त्यासाठी चौकटीत काहीतरी दोष हवा. मी समोर गेलो, मान तिरपी केली आणि सहज म्हणालो, "सुंदरराव, चौकट जरा कललेली वाटते का हो?"

गहिनीनाथ मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. "सर, हयात गेली माझी चौकटी बसवण्यात. आजपर्यंत कुणी बोट न्हाई ठिवलं."

"तसं नाही, मला आपलं वाटलं."

"कावून वाटलं?"

का वाटलं हे सांगण्याऐवजी मी मान आणखी तिरपी केली. त्यानं रागारागानं ओळंबा सोडला. पण त्या दिवशी वारं असं होतं की ओळंबा काही केल्या थांबेना. तो डावीकडं गेला की मी म्हणायचो, बघा. उजवीकडं गेला की मिस्त्री म्हणायचा, बघा. तेवढ्यात गल्ली जमली. सटवा पानवाला टपरी उघडी टाकून आला आणि म्हणाला, डावीकडं कललीय. आश्रुबा तात्या काठी टेकत आले, बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले आणि म्हणाले, "चौकट सरळ हाय. घर वाकडं हाय."

सुंदररावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या दिवसापासून ते खुर्ची टाकून चौकटीसमोर बसायला लागले. मान एकदा इकडं, एकदा तिकडं. मी खिडकीत, ते खुर्चीत, दोघंही एकाच चौकटीकडं बघत, आणि दोघांच्याही जिवाला चैन नाही. फक्त कारणं वेगळी. मला त्यांची कीव यायची, पण नाण्याची जास्त यायची.

चौकट मात्र निघेना. शेवटी वत्सलाबाईंनी पाटोद्याहून वास्तू बघणारे बद्रीनाथ महाराज बोलावले. मला वाटलं, सुटलो. महाराज घर बघायला आलेत म्हणजे काहीतरी काढायला लावल्याशिवाय जाणार नाहीत. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं, चौकटीला तीन फेऱ्या घातल्या, मातीचा वास घेतला आणि सांगितलं, "चौकट उत्तम बसलीये. हिला हात लावायचा न्हाई. दोष समोरून येतोय."

सगळ्यांनी माना वळवल्या. समोर माझं घर होतं.

"दारासमोर दार आलंय. वेध लागतोय. ते दार हातभर सरकलं पाहिजे."

सुंदररावांनी हात जोडले. "सर, तुमीच पयले वळखलं की काहीतरी खोट हाय. आता तुमीच तेवढं दार सरकवा. खर्च माझ्याकडं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो. नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? घरी येऊन रोहिणीला सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही, एवढंच सांगतो. "लोकांच्या दारात नाक खुपसायला गेलात, आता आपलं दार चाललंय," ती म्हणाली. "आणि तुम्हाला त्यांच्या चौकटीचं एवढं पडलंय कशाला?" हा प्रश्न फार बरोबर होता, म्हणून मी अंघोळीला निघून गेलो.

वेळ काढण्यासाठी मी सुंदररावांना सांगितलं की दार सरकवायला परवानगी लागते. सरकारी परवानगी म्हणजे निदान पुढची दिवाळी, असा माझा हिशेब. कार्यालयात गेलो तर कळलं, 'दार सरकवणे' असा प्रकारच नाही. 'नवीन दार पाडणे' असा एक अर्ज आहे आणि 'असलेले दार बंद करणे' असा दुसरा. दोन्ही करा, म्हणाले. केले. दुसऱ्या अर्जावर शेरा आला, दार बंद केल्यावर घरात कसे जाणार, याचा खुलासा करावा. खुलाशात मी पहिल्या अर्जाचा हवाला दिला. पहिल्या अर्जावर शेरा होता, घराला दार असताना दुसरे कशास. मी मनातून खूश झालो. हे असंच चालायला हवं होतं.

पण माझं नशीब बघा. ज्या कार्यालयात माणसं महिनोन् महिने हेलपाटे घालतात, तिथले साहेब तिसऱ्या दिवशी स्वतः पाहणीला आले. कामसू माणूस होता. टेप काढून त्यांनी दार मोजलं, भिंत मोजली, मग खाली बघून विचारलं, "ह्या पायऱ्या कुणाच्या?"

"माझ्याच."

"नालीवर आल्यात."

आल्या होत्या खऱ्या. त्यात साहेबांची काही चूक नाही. दाराचं ते काहीच बोलले नाहीत. पायऱ्या मात्र दुसऱ्याच दिवशी दोन माणसांनी पहारी घालून काढून नेल्या. जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर माझं दार तसंच लोंबकळत राहिलं. मी प्रयोगशाळेतलं एक उंच स्टूल आणून खाली ठेवलं. प्राचार्यांना विचारायचं मनात होतं. त्या स्टुलावर चढून, चौकटीला धरून, एक गुडघा आधी आत टाकून मी माझ्या स्वतःच्या घरात शिरायला लागलो, आणि गल्लीतली माणसं "सर, संभाळून" म्हणायला लागली. हे 'संभाळून' फार लागतं मनाला.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले. शुक्रवारी दुपारी मी स्टुलावर एक पाय ठेवून उभा होतो, तेवढ्यात सत्यशीला रस्त्यानं झपाझप येताना दिसली. ती माझ्या कॉलेजातून येत होती. तिथं जाऊन तिनं तराजूची चौकशी केली होती. तराजू धडधाकट होता.

"बाबा, नाणं कुठंय?"

तिच्या हातात ती चिठ्ठी होती. मी स्टुलावरून खाली उतरलो. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. सगळं सांगितलं, चहाच्या नाण्यापासून पायऱ्यांपर्यंत. ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी रागावले नसते." यापेक्षा तिनं माझ्या अंगावर दळणाचा डबा टाकला असता तरी चाललं असतं. फार वाईट वाटलं मला. मुलीसमोर बाप इतका लहान झालेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

आणि मागून आवाज आला, "काय म्हणले सर? कसलं नाणं?"

वत्सलाबाई पाण्याची घागर घेऊन मागेच उभ्या होत्या.

"शिक्का सरकलेलं? खोडाचं? आमच्या चौकटीखाली?" त्यांनी घागर खाली आदळली. "अहो, ऐकलं का! सरांनी खोडाचं नाणं टाकलंय घराखाली! गहिनीनाथ, काढ ती चौकट. आत्ताच्या आत्ता काढ!"

जे काम मला ओळंबा, महाराज आणि सरकार मिळून दोन आठवड्यांत जमलं नाही, ते चहा उकळायच्या आत झालं. मिस्त्रीनं पहार घातली, चौकट हलली, सिमेंटचा एक गोळा बाहेर आला. मिस्त्री तो हातोडीनं फोडणार, तोच सत्यशीला पुढं झाली, "काका, हळू, हळू!" तिनं स्वतः बसून नखानं, काडीनं सिमेंट खरवडलं. नाणं निघालं. हळदीनं पिवळं झालेलं, पण छाप तसाच. दोन सिंह जागेवर, एक निघून गेलेला.

"बघा, बघा!" वत्सलाबाई म्हणाल्या. "एक सिंहच न्हाई त्याच्यात. इडापिडा घातली सरांनी दारात."

"मावशी," सत्यशीला म्हणाली, "हे खोडाचं नाही. टाकसाळीत लाखो नाणी निघतात, त्यांत असं एखादंच सुटतं. लोक आयुष्यभर शोधतात. मला गिरणीत मिळालं."

वत्सलाबाई पुढं वाकल्या. नाणं तळहातावर घेऊन त्यांनी उजेडाकडं धरलं.

"लाखात एक?"

"हो."

"आन् ते आपणहून आमच्याच चौकटीखाली आलं?" त्यांचा चेहराच बदलला. "अहो, ही तर लक्ष्मी चालून आली! गहिनीनाथ, बसव रे चौकट. हे जागचं हालवायचं न्हाई."

सुंदरराव मधे पडले. ठरलं असं की रविवारी नाणं प्रदर्शनात जाईल, सोमवारी सकाळी पुन्हा चौकटीखाली. तोवर चौकट भिंतीला टेकून उभी, आणि उघड्या दारातून शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून सुंदरराव दारात खाट टाकून बसले. पण लक्ष्मी एकटी परगावी जाणार कशी? रविवारी सकाळी वत्सलाबाई नाणं आपल्या बटव्यात घालून जीपमध्ये आमच्या आधीच बसल्या होत्या. वाटेत वडवणीला आम्ही चहाला उतरलो, त्या उतरल्या नाहीत. बटवा दोन्ही हातांनी धरून बसून होत्या.

बीडला हॉलमध्ये नाणं काचेच्या पेटीत ठेवलं, खाली सत्यशीलेची चिठ्ठी. वत्सलाबाईंनी काचेला हळदकुंकू लावलं. व्यवस्थापक धावत आले, तर म्हणाल्या, "काचंलाच लावलंय, आत न्हाई." मग खुर्ची ओढून पेटीजवळ बसल्या. सत्यशीला दिवसभर उभी होती. येईल त्याला सांगत होती, छाप कसा सरकतो, कोरी जागा का राहते. आवाज बसला तरी सांगत होती. एका जाडजूड संग्राहकानं विचारलं, "विकायचं का?" तिनं खाली बघून नाही म्हणून मान हलवली. "दुसऱ्यांच्या घरात द्यायचंय," म्हणाली. वत्सलाबाई तिच्याकडं बघत होत्या. तिच्या बोलण्याकडं नव्हे, तिच्या तोंडाकडं.

सोमवारी सकाळी पुन्हा मुहूर्त. गुरुजी, मिस्त्री, गल्ली, सगळे हजर. मीही स्टुलावरून उतरून गेलो. वत्सलाबाई खड्ड्याजवळ बसल्या, त्यांनी बटवा उघडला, हळकुंड ठेवलं, सुपारी ठेवली, आणि नाणं काढलं. थांबल्या. मग ते बाजूला ठेवून बटव्यातून दुसरं एक साधं नाणं काढलं आणि खड्ड्यात सोडलं.

"मावशी?" सत्यशीला म्हणाली.

"पोरी, तू काल दिवसभर हिच्याजवळ उभी व्हतीस. आमी हिला अंधारात पुरलं तर हिला कोण बघल? आन् आमाला तरी कुठं कळतंय हिच्यातलं?" त्यांनी सरकलेलं नाणं हळदीकुंकवासकट तळहातावर पुढं केलं. "लक्ष्मी तुझी. ने ग घरी."

सत्यशीलेचे डोळे भरून आले. तिला पुढं होता येईना. रोहिणीनं पदर डोळ्यांना लावला. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसानं पुढं व्हायचं असतं. मी दोन पावलं टाकली, हात पुढं केला आणि म्हणालो, "आणा, मी घेतो."

"नको!"

रोहिणी, सत्यशीला, वत्सलाबाई, सुंदरराव आणि गहिनीनाथ मिस्त्री, पाचही जण एकदम ओरडले. गुरुजी तर मंत्र म्हणताना मधेच थांबले. मी हात मागं घेतला, आणि तो कुठं ठेवावा हे मला बराच वेळ सुचेना.